खारं की गोडं

मेलेल्या ॲनिमोनचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही. माझं आजोळ पेण तालुक्यातलं. मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या सुकत घातलेल्या बोंबलांच्या खाली खेळून काढल्यात, त्यामुळे वासाचं मला कौतुक नाही आणि किळसही नाही. पण त्या दिवशी पुण्याहून परत येऊन डोंबिवलीच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि दारातच थांबले. टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं. ज्या दगडावर माझं साडेतीन हजारांचं समुद्रफूल बसायचं, त्याच्या पायथ्याशी नाकातून काढल्यासारखा एक तपकिरी गोळा पडला होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "परवापासून मिटलंच होतं गं. मला वाटलं झोपलंय."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. "एक काम सांगितलं होतं" हे वाक्य त्यात होतं, एवढं पुरे.

आता थोडं मागे जाते. ॲनिमोन म्हणजे काय हे ज्यांना 'निमो'च्या सिनेमामुळे माहीत आहे त्यांच्यासाठी: तो निमो ज्यात राहतो ते. दिसतं फुलासारखं, मराठीत समुद्रफूलच म्हणतात, पण आहे तो प्राणी. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या नात्यातला. खाली चिकटायला एक पाय, वर बोटांसारखे पुष्कळ स्पर्शक, मधोमध तोंड. आत जायला आणि बाहेर यायला तेवढं एकच दार. खाल्लेल्यातलं नको ते त्याच वाटेने बाहेर टाकतं. मेंदू नाही, हाडं नाहीत, डोळे नाहीत. स्पर्शकांमध्ये मात्र अतिसूक्ष्म विषारी काटे भरलेले, हात लावला तर चिकटल्यासारखं वाटतं ते त्यांच्यामुळे. आणि बोटांच्या पेशींमध्ये राहायला आलेलं एकपेशीय शैवाल. ते शैवाल उजेडावर साखर बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. म्हणून या जातींना अन्नापेक्षा उजेड जास्त लागतो.

माझं होतं ते 'बबल टिप' जातीचं. बोटांची टोकं फुगीर, काचेच्या मण्यांसारखी. घरी पाळायला त्यातल्या त्यात सोपं म्हणतात. हे 'त्यातल्या त्यात' मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं.

बाबा गेल्यावर आई गावाहून माझ्याकडे राहायला आली. सातव्या मजल्यावरचा वन बीएचके. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी. मी दिवसभर लॅपटॉपमध्ये, आई टीव्हीसमोर. टीव्ही बहुतेक वेळा बंदच. टाकी आणायची कल्पना माझी, आणि खरं सांगायचं तर आईसाठी वगैरे नव्हती. रात्री दोन वाजता रीफ टँकचे व्हिडिओ बघत बसायची सवय लागली होती, त्यातून आली ती. ९० लिटरची काचेची टाकी, दगड, पंप, निळा-पांढरा एलईडी. दुकानात मिळणारं समुद्री मीठ घरात आल्यावर आईने पिशवी उघडून चिमूटभर जिभेवर ठेवलं.

"हे केवढ्याला?"

मी किंमत सांगितली. आईचे वडील मिठागरात कामाला होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या मिठागरात मीठ ओढलं. तिने पिशवी परत गुंडाळली आणि काही बोलली नाही.

दुकानदाराने ॲनिमोन विकताना एकच प्रश्न विचारला, "टाकी किती जुनी?" मी म्हटलं दोन महिने. तो म्हणाला, "चालेल." चालत नाही. नव्या टाकीत अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वस्तीला यायलाच महिना-दीड महिना जातो, आणि त्यानंतरही पाण्याचा स्वभाव स्थिर व्हायला वेळ लागतो. माशांना त्यातले चढउतार झेपतात. ॲनिमोनसाठी जाणते लोक किमान सहा महिने, काही जण तर वर्षभर थांबा म्हणतात. हे मला नंतर कळलं, असं मी पुष्कळ दिवस सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे आधीच वाचलं होतं. पण तो दुकानात काचेला चिकटून डोलत होता आणि माझा पगार झाला होता.

मे महिना आला. टाकीचं पाणी ३० अंशांवर जायला लागलं. त्याला हवं २५-२६. थंड करायचं यंत्र मिळतं, पण ते माझ्या टाकीपेक्षा महाग होतं. मग सगळे करतात ते मी केलं: वरचं झाकण काढलं आणि पाण्यावर पंखा लावला. दोन-तीन अंश उतरतात. माठाचं पाणी गार होतं तसंच. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. फक्त मग पाणी कमी होतं, दिवसाला दीड-पावणेदोन लिटर. तेवढं रोज वरून भरावं लागतं.

त्याच आठवड्यात ऑफिसने पुण्याला बोलावलं. नऊ दिवस. मी बादल्या भरून ठेवल्या, काचेवर मार्करने रेघ मारली आणि आईला म्हटलं, रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भर.

आईने विचारलं, "खारं की गोडं?"

"खारंच गं. समुद्रातलं आहे ना ते."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, विसरेल म्हणून मनात पाठ करतेय.

तर हा सगळा हिशेब. वाफ होते ती पाण्याची. मीठ टाकीतच राहतं. त्यावर रोज पावणेदोन लिटर खारं पाणी, लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. नऊ दिवसांत अर्धा किलोच्या वर मीठ त्या टाकीत जास्तीचं गेलं. माझ्याकडे खारटपणा मोजायचं स्वस्तातलं हायड्रोमीटर होतं, काटा तरंगतो ते. त्याच्या काट्यावर मिठाचा पापुद्रा चढून तो जड झाला होता, त्यामुळे तो शहाण्यासारखा ३६ दाखवत बसला होता. ठाण्यातल्या एका ओळखीच्या काकांनी, त्यांच्याकडे चार टाक्या आहेत, आपलं रिफ्रॅक्टोमीटर आणून थेंबभर पाणी काचेवर टाकलं. ४३. समुद्रात सरासरी ३५ असतं.

माशांना शरीरातलं मीठ बाहेर टाकायची सोय असते. ॲनिमोनला ती नाही. बाहेर जेवढं खारट तेवढंच ते आतून. बाहेरचं वाढलं की आतलं पाणी निघून जातं आणि ते आक्रसतं. हळूहळू वाढलं असतं तर कदाचित निभावलं असतं. फक्त मिठानेच मेलं असंही नाही. कच्ची टाकी, उकाडा, आणि मी प्रेमाने रोज भरवलेली कोलंबी (आठवड्यातून एकदा-दोनदा वाटाण्याएवढा तुकडा पुरतो), या सगळ्यांनी हातभार लावला. पण शेवटचा धक्का मिठाचा.

काका निघताना आईला म्हणाले, "वहिनी, वरून नेहमी साधं आरओचं पाणी टाकायचं. मीठ उडून जात नाही."

आई म्हणाली, "हो, माहितीये. मिठागरात तेच तर करतात."

काका गेल्यावर मी बराच वेळ टाकीकडे तोंड करून बसले. मग विचारलं, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"विचारलं की तुला. खारं की गोडं."

"मी सांगितलं ते चूक आहे हे कळत होतं ना पण?"

आई ताटात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू एवढं वाचतेस रात्र-रात्र. मला वाटलं, तुमच्या समुद्रात वेगळं असेल."

पुढचे काही महिने टाकीत फक्त दगड, दोन गोगलगायी आणि एक कोलंबीसारखा सफाई कामगार होता. निमो, म्हणजे क्लाऊनफिशची जोडी, काकांकडे पोचवली. मी टाकी विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती, टाकली नाही. त्या काळात मी माशांवरचं वाचायचं सोडून माणसांवरचं वाचायला लागले, म्हणजे ज्यांनी हे आधी केलं होतं अशा माणसांवरचं.

त्यात एडिंबराची 'ग्रॅनी' सापडली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर १८२८ साली जॉन डॅलिएल नावाच्या गृहस्थांनी एक लालसर समुद्रफूल उचलून घरी काचेच्या बरणीत ठेवलं. ना पंप, ना दिवा, ना मोजमाप. नेमाने समुद्राचं ताजं पाणी आणि अधूनमधून शिंपल्याचा तुकडा. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. ते फूल दुसऱ्याकडे गेलं, मग तिसऱ्याकडे. मालक म्हातारे होत गेले, मरत गेले, ग्रॅनी पिल्लं घालत राहिली. ती गेली १८८७ मध्ये आणि पेपरात तिच्यावर मृत्युलेख आला. जवळजवळ साठ वर्षं! थंड पाण्यातली चिवट जात होती ती, भरती-ओहोटीत उघडी पडणारी, माझ्या बबल टिपशी तुलना नाही. तरीही माझं अडीच महिन्यांत गेलं होतं आणि मला ते लागलं.

दुसरी गोष्ट फिलिप गॉस यांची. निसर्गाचा वेडा माणूस. १८५४ साली 'द ॲक्वेरियम' नावाचं पुस्तक लिहिलं, पुढे समुद्रफुलांवर स्वतः काढलेल्या चित्रांसह आणखी एक. विलक्षण सुंदर चित्रं आहेत, फोनवर झूम करून बघा. पुस्तकं तुफान गाजली. लोक हातोड्या-छिन्न्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यांवर उतरले आणि घरोघरी बरण्या भरल्या. गॉस यांच्या मुलाने १९०७ मध्ये आठवणी लिहिल्या, 'फादर अँड सन', त्यात तो म्हणतो की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांतली ती डबकी आता उरली नाहीत. ज्याने लोकांना ती डबकी दाखवली, त्याच्यामुळेच ती ओरबाडली गेली, आणि हे त्या माणसाला जिवंतपणी कळलं, दुःखही झालं.

हे वाचून मी दुकानात फोन केला. विचारलं, मला विकलेलं ॲनिमोन कुठून आलं होतं? "बाहेरून, मॅडम." बाहेरून म्हणजे? "इम्पोर्ट." म्हणजे कुठल्या तरी समुद्रातल्या खडकावरून कोणीतरी ते सोडवलं, पिशवीत भरलं, विमानात घातलं आणि माझ्या नऊ दिवसांच्या पुणे दौऱ्यात ते मेलं. असलं फूल समुद्रात पन्नासेक वर्षं सहज जगू शकतं. मी जाहिरात पुन्हा उघडली. परत टाकली नाही. का नाही टाकली याचं चांगलं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मला ते हवं होतं, एवढंच.

काकांनी मार्ग काढला. बबल टिपची एक गंमत आहे: मनात आलं की ते मधून फाटतं आणि एकाची दोन होतात. दोन्ही पूर्ण, दोन्ही जिवंत. काकांच्या टाकीत असं वर्षानुवर्षं चाललं होतं. "समुद्रातून काढलेलं घेऊ नकोस. माझ्याकडचं घे. पण टाकी वर्षाची झाल्यावर." मी कॅलेंडरवर तारीख लिहिली. आईने तिच्या कालनिर्णयवर वेगळी लिहिली, एकादशीच्या खाली.

त्या वर्षभरात आईने टाकी ताब्यात घेतली. मी नव्हे, तिने. रोज सकाळी चहाच्या आधी रेघ बघायची आणि पाणी टाकायचं. रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून खिडकीकडे वळायची, अगदी कॅमेरामनसारखी. मी कॅलिब्रेशनचं पाणी आणून दिलं होतं, दर रविवारी ते टाकून आधी काटा जुळवायची. तिचं आणि माझं एकदाच वाजलं. आरओचं पाणी ठेवायला तिने लग्नातली तांब्याची कळशी घासूनपुसून काढली होती. तांब्यातलं पाणी चांगलं, हे तिचं आयुष्यभराचं ज्ञान. माणसाला चांगलं. ॲनिमोनला, गोगलगायीला, कोलंबीला तांबं म्हणजे विष, अगदी थोडंसुद्धा. माशांच्या कित्येक औषधांत तांबं असतं, ती या टाकीत चालत नाहीत. हे सांगितल्यावर ती कळशीकडे बघून म्हणाली, "बरं झालं विचारलं." आणि आम्ही दोघी हसलो. तो विषय आमच्यात तेवढाच, तिथेच मिटला. माफी मी मागितली नव्हती. अजूनही शब्दांत नाही मागितली.

त्या हिवाळ्यात 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'वाल्यांच्या शोर वॉकला गेलो, हाजी अलीला. ही मंडळी २०१७ पासून ओहोटीला लोकांना खडकांवर फिरवून मुंबईच्या समुद्रात काय काय जगतं ते दाखवतात. आई साडी खोचून सगळ्यांच्या पुढे. मागे कोस्टल रोडचे खांब, पायाशी प्लास्टिक, आणि मधल्या डबक्यात तळहाताएवढं समुद्रफूल, पूर्ण उघडं. कुणी पंप लावला नव्हता. आईने कमरेत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी असायचं. आम्ही बोट लावून मिटवायचो." पन्नास वर्षांत तिने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दुसरं ॲनिमोन श्रीखंडाच्या डब्यात आलं. काकांनी त्याला दगडासकट दिलं, कारण पाय ओढून सुटवायला गेलं की तो फाटू शकतो. टाकीत सोडलं आणि त्याने तो दगड सोडून दिला. ॲनिमोन चालतं, हे माहीत होतं. इतकं चालतं हे नव्हतं. नऊ रात्री फिरलं. सकाळी उठून पहिलं काम म्हणजे ते शोधणं. कधी काचेवर, कधी दगडामागे, कधी पार वर. पंपाच्या तोंडात गेलं की त्याचा कीस होतो, म्हणून आईने पंपावर स्पंज बांधला होता, केसांच्या रबरबँडने. नव्या लोकांना मी एवढंच सांगते: त्याला जागा देऊ नका, त्याला शोधू द्या. पाय अंधाऱ्या फटीत आणि बोटं उजेडात अशी जागा मिळाली की बसतं. आणि अधूनमधून ते मिटून सुरकुतलेल्या मनुक्यासारखं होतं, त्याला घाबरू नका. आतलं पाणी टाकून नवीन भरत असतं. तोंड आ वासलेलं असेल, पाय धरत नसेल, बोटं गळत असतील, तेव्हा घाबरा. आणि गेलंच असेल तर त्याच मिनिटाला बाहेर काढा, नाहीतर ते सडून बाकीचे सगळे घेऊन जातं.

दहाव्या दिवशी ते डावीकडच्या फटीत बसलं. अजून तिथेच आहे. क्लाऊनफिशची जोडी परत आणली. पहिले पाच महिने त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, पंपाच्या स्पंजमध्येच संसार थाटला होता.

मग २०२४ चा एप्रिल-मे. त्या उन्हाळ्यात जगभर समुद्र तापला, लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या बातम्या येत होत्या. पाणी तापलं की पेशींमधलं ते शैवाल बाहेर फेकलं जातं आणि मागे राहतो पांढरा, उपाशी प्राणी. ॲनिमोनही तसंच पांढरं पडतं. तिथे कोण पंखा लावणार! आमच्याकडे एका रात्री साडेअकराला वीज गेली. पंप बंद, पंखा बंद. बॅटरीचा एअर पंप मी 'पुढच्या महिन्यात' घेणार होते. पंप बंद झाला की पाण्यात प्राणवायू मिसळणं थांबतं, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो.

मी मोबाईलवर वीज कंपनीची तक्रार नोंदवत बसले. आईने स्टूल ओढलं, त्यावर चढली, स्टीलच्या तांब्याने टाकीतलं पाणी काढलं आणि फूटभर उंचावरून परत टाकीत ओतलं. पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं. लहानपणी दूध निववायची तसंच. मी म्हटलं, थांब, मी करते. अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या. टॉर्चच्या उजेडात ॲनिमोन मिटून गोळा झालं होतं आणि मासे वर येऊन तोंड हलवत होते. पहाटे चारला वीज आली तेव्हा आईचा उजवा खांदा आखडला होता.

खूप नंतर एका जागी वाचलं. ॲना थिन नावाच्या बाईंनी १८४६ मध्ये लंडनला घरी जिवंत प्रवाळ ठेवले होते, असं करणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचं नाव घेतात. पंप तर नव्हतेच. पाण्यात हवा मिसळावी म्हणून रोज उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतलं जायचं. ओतायची ती त्यांची मोलकरीण. गोष्टीत बाईंचं नाव येतं, मोलकरणीचं येत नाही. मी हे आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "जगले का?" म्हटलं, हो, काही वर्षं जगले. "मग बरं."

गेल्या महिन्यात आमचं फूल फाटलं. आधी लांबुळकं झालं, दोन दिवस खाल्लं नाही, मी काकांना फोटोंवर फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी सकाळी फटीत एक आणि शेजारच्या दगडावर एक. दुसरं अंगठ्याएवढं, अजून ओळख पटत नसल्यासारखं अर्धवट उघडलेलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाने नवी टाकी घेतलीय, तो लगेच न्यायला आला. आईने विचारलं, "टाकी किती जुनी?" तो म्हणाला, तीन महिने. आईने त्याला चहा दिला आणि पुढच्या दिवाळीनंतर यायला सांगितलं.

तो उठून निघाला तेव्हा ती आतून दोन बिसलेरीच्या बाटल्या घेऊन आली. एकीवर मार्करने लिहिलं होतं 'खारं', दुसरीवर 'गोडं'. त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "तोपर्यंत सांग बघू, पाणी कमी झालं तर यातलं कुठलं टाकशील?"